बेचाळीस नंबर

त्या बाजारात "खेप" हा शब्द कोणीतरी मोठ्याने म्हटल्याशिवाय हमालाचा पाय पहिल्या पायरीवर पडत नसे.

कापडाची वखार चार मजली होती आणि आत एकच दगडी जिना. खाली हात देणारा उभा असायचा. पन्नास किलोचा गठ्ठा डोक्यावरून वाहता येतो, पण आपला आपल्याला डोक्यावर चढवता येत नाही. त्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. हात देणारा गठ्ठा चढवून द्यायचा आणि ओरडायचा, "सतरा, खेप." सतरा हा त्या हमालाचा नंबर. वर उतरवून घेणारा असायचा. गठ्ठा त्याच्या हातात गेला की तो जिन्यात तोंड घालून म्हणायचा, "उतरली." या दोन हाकांच्या मधे जे काही व्हायचं, ती खेप. मधे गठ्ठा जमिनीला टेकला तर खेप मोडली, पुन्हा खालपासून चढा. दम लागलाच तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीत एक कट्टा होता. त्यावर गठ्ठ्याचा भार टेकवायचा, पण डोकं खालून काढायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पाठी घासून तो कट्टा गुळगुळीत झाला होता.

वखारीच्या दारातला म्हातारा तोलारी, म्हणजे गठ्ठे तोलणारा, या शब्दाबद्दल ऐकणारा मिळाला की सोडायचा नाही. त्याच्या आजाच्या तोंडी खेप म्हणजे लादलेल्या बैलांचा तांडा एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जाऊन यायचा तो सगळा प्रवास. एका खेपेला पंधरा दिवस लागत आणि माणूस घरी आला की पोरं ओळखत नसत. मग गलबतांची खेप आली. मग धक्क्यापासून वखारीपर्यंत गाड्यांची. आणि आता ऐंशी पायऱ्यांची. "शब्द तेवढाच राहिला, बाबांनो," तो म्हणायचा, "अंतर आटलं. ओझं मात्र कोणी कमी केलं नाही."

याच जिन्यात बावीस वर्षं "बेचाळीस, खेप" अशी हाक व्हायची आणि गठ्ठ्याखालून जी चालू लागायची ती बाई होती.

तिला सगळे बेचाळीसच म्हणत. चहावालासुद्धा म्हणायचा, "बेचाळीसला एक कटिंग द्या रे." खरा बेचाळीस नंबर तिचा नवरा. अडतिसाव्या वर्षी तो गठ्ठ्यासकट अकरा पायऱ्या खाली आला आणि कमरेपासून जायबंदी झाला. हमालांच्या चाळीत तळमजल्यावर त्यांची खोली होती, दहा बाय बाराची. खोली नंबराला मिळायची, माणसाला नाही. नंबर महिनाभर रिकामा राहिला की खोली पुढच्या नंबराकडे.

तिचा धाकटा दीर तेव्हा नुकताच मुकादम झाला होता. खाली हात देण्याचं काम त्याचं आणि हजेरीही त्याच्याच हातात. एका संध्याकाळी तो दारातच उभं राहून म्हणाला, "वहिनी, दादाचा बिल्ला पडून राहिला तर नंबर जाईल. तुम्ही चार दिवस चालवा. दादा उठला की बघू."

"बायका हमाली करतात का भावजी?"

"डोक्यावर गठ्ठा असला की बाई आणि बुवा सारखाच दिसतो. दादाचा सदरा घाला. बिल्ल्यावर फोटो थोडाच असतो? आकडा असतो."

दादा उठला नाही. ते चार दिवस बावीस वर्षं चालले.

पहिल्या आठवड्यात तिची मान अशी आखडली की भात कालवताना खाली बघता येईना. दुसऱ्या आठवड्यात तिने चालण्याची लय पकडली. तिच्या टाळूच्या डाव्या बाजूला लहानपणी पाट लागून झालेली खोक होती. गठ्ठा बरोबर मधोमध बसला की ती जागा ठणकायची. मधोमध ठेवून मग दोन बोटं उजवीकडे सरकवला की बरं वाटायचं. हे तिने दिराला एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तो गठ्ठा चढवायचा, दोन बोटं उजवीकडे ओढायचा, पेरांनी दोनदा टकटक करायचा आणि हाक द्यायचा. टकटक म्हणजे बसला, जा. दुसऱ्या कोणासाठी तो ओढायचाही नाही आणि ठोकायचाही नाही.

वखारीत ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती असं नाही. सगळ्यांनाच होती. पण कागदावर बेचाळीस नंबर रोज हजर होता, गठ्ठे वर जात होते, आणि जी गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते ती कोणी कोणाला सांगत नाही.

घरी मात्र निराळाच कारभार. ती हात-पाय धुऊन स्टोव्ह पेटवेपर्यंत नवरा खाटेवरून विचारायचा, "आज किती झाल्या?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीसच? मी असताना तीस व्हायच्या."

"मग उठा की उद्या. दोन माझ्याही टाका."

तो तोंड फिरवायचा. पण तासाभराने शेजारचा बसायला आला की तिला आतून ऐकू यायचं, "आज अठ्ठावीस खेपा टाकल्या बघ. या वयात कोणी टाकून दाखवावं." शेजारीही मान डोलवायचा. खाटेवरच्या माणसाच्या तोंडचं काढून काय मिळणार? ती पोळी लाटत राहायची. मान तिची दुखायची, तेल त्याच्या कमरेला लागायचं. एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं, काम काय करता? ती उत्तर द्यायच्या आत नवरा म्हणाला, "घरीच असते. मी हमाल आहे." डॉक्टरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तिच्या मानेकडे, आणि गोळ्या दोघांनाही लिहून दिल्या.

तिला राग येत नसे असं नाही. पण रागाला सवड लागते. लेक शाळेत होती, मग नोकरीला लागली, मग तिचं लग्न झालं. जावई गावाच्या दुसऱ्या टोकाला, आईबरोबर दोन खोल्यांत राहायचा. लेक म्हणायची, "आई, आता बास कर." ती म्हणायची, "बास केलं की खोली जाते. मग तुझ्या बाबांना काय हातगाडीवर निजवू?"

खोली हेच तिचं सगळं. तिच्या मोरीची फरशी तिने स्वतः बसवली होती. खिडकीच्या गजाला कपडे वाळत घालायची दोरी, दाराआड डब्यांची फळी, खाटेखाली लोखंडी ट्रंक. अंधारात हात घातला तरी काडेपेटी हाती यायची. दिवसभर दुसऱ्याचा नंबर अंगावर घेऊन वावरल्यावर संध्याकाळी ही एक जागा अशी होती की जिथे तिला कोणी बेचाळीस म्हणत नसे. नवरा तर काहीच म्हणत नसे, नुसतं "अगं".

नवरा गेला तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. झोपेतच गेला. महिना भरायच्या आत बाजाराच्या कचेरीतून कागद आला. बेचाळीस नंबरचा हमाल मयत झाल्याने खोली तीस दिवसांत रिकामी करावी.

ती कागद घेऊन कचेरीत गेली. खिडकीशी एक तरुण बाई होती, चष्मा नाकावर घसरलेला.

"मी मेले नाही," तिने सांगितलं. "मीच बेचाळीस."

कारकून बाईने चष्मा वर केला. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग तिने एक जुनी, शिवण सुटलेली नियमांची वही काढली. वीस वर्षांवर खेपा घातलेल्या हमालाला मरेपर्यंत खोली होती. विधवेला नव्हती. "म्हणजे मावशी, तुम्ही बायको म्हणून आलात तर काही नाही. हमाल म्हणून आलात तर आहे. पण खेपा तुम्ही घातल्या हे सिद्ध व्हायला हवं."

"सगळी वखार सांगेल."

"सगळी वखार चालत नाही. इथे लिहिलंय बघा, खेपेचे साक्षीदार दोनच. खाली हात देणारा आणि वर उतरवून घेणारा. बाकीचे आपल्या ओझ्याखाली असतात, त्यांनी पाहिलेलं धरत नाहीत."

उतरवून घेणारा म्हातारा चार वर्षांपूर्वीच गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या पोराची साक्ष वीस वर्षांना पुरणारी नव्हती. उरला हात देणारा.

ती त्याच संध्याकाळी दिराकडे गेली. जावेने चहा टाकला. कपबशी पुढे करताना म्हणाली, "ताई, खोलीचं कळलं. वाईट झालं. आमच्या थोरल्याचा नंबर लागलाय ना यादीत, पहिलाच. त्याचं लग्न खोलीवाचून अडलंय. पण तुमच्या वाईटावर आमचं चांगलं व्हावं असं मी कधी म्हटलं नाही हो."

"नाही म्हटलंस," ती म्हणाली. "चहात साखर घालायची राहिली."

दीर खुर्चीत बसून पायाचे तळवे चोळत होता. जाऊ साखर आणायला आत गेली तशी ती म्हणाली, "भावजी, तुम्ही एवढंच सांगायचं, तुमच्या हाताखालून कोण गेलं."

"सांगायला सोपं आहे वहिनी." त्याने आवाज खाली आणला. "बावीस वर्षं मी हजेरी लिहिली. दादा हजर, दादा हजर. तुम्ही होतात असं म्हटलं की मी काय लिहीत होतो? माझं एक वर्ष राहिलंय. माझी खोली, माझं म्हातारपण, सगळं त्या हजेरीवर उभं आहे."

"आणि माझं कशावर उभं आहे?"

"लेक आहे तुम्हाला."

"लेकीची सासू आहे मधे."

जाऊ साखरेचा डबा घेऊन आली. दीर म्हणाला, "बघू." बघू म्हणजे नाही हे तिला ठाऊक होतं. पण तिने त्याचे हात पाहिले होते, बावीस वर्षं, रोज अठ्ठावीस वेळा. तोंडावर तिचा विश्वास नव्हता. हातांवर होता.

सुनावणी वखारीतच झाली, जिन्याखालच्या जागेत टेबल टाकून. तीन अधिकारी, लिहायला ती चष्मेवाली कारकून. हमाल भिंतीला टेकून उभे. मधल्या अधिकाऱ्याने दिराला विचारलं, खेप म्हणजे काय ते आधी सांगा. दिराने व्यवस्थित सांगितलं, हाक, जिना, कट्टा, उतरली. सांगताना त्याचा आवाज स्वच्छ होता, कामाबद्दल बोलताना असतो तसा.

"मग गेली बावीस वर्षं बेचाळीस नंबर म्हणून तुमच्या हाताखालून कोण जात होतं?"

"बेचाळीस नंबर, साहेब."

"म्हणजे तुमचा भाऊ?"

"बिल्ला त्याचा होता."

"ही बाई होती का?"

"साहेब, हात देणारा तोंड बघत नाही. गठ्ठा चढला की तोंड झाकतं. आम्ही नंबर बघतो आणि हाक देतो."

भिंतीशी कोणीतरी खाकरलं. कोणी बोललं नाही. प्रत्येकाची खोली कुठल्या ना कुठल्या मुकादमाच्या हजेरीवर उभी होती.

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. अंगाने बारीक, केस पांढरे, पदर कमरेला खोचलेला. "आजी, तुम्ही म्हणता तुम्ही रोज अठ्ठावीस वेळा हा जिना चढत होतात. पन्नास किलो घेऊन."

"आज्या घरी बसतात," ती म्हणाली. "गठ्ठा द्या, दाखवते."

दुसरा अधिकारी हसला. मधल्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, होऊन जाऊ दे. पडल्या तर जबाबदारी आमची नाही, असं लिहून घ्या.

तिने खांद्यावरचा टॉवेल पिळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. हात द्यायला दुसरं कोण येणार? ते काम मुकादमाचं. दीर पुढे झाला. त्याच्या कपाळावर घाम होता. दोघांनी दोन बाजूंनी गठ्ठा गुडघ्यापर्यंत आणला, मग छातीपर्यंत, मग तो तिच्या डोक्यावर आला. मधोमध.

आणि दिराच्या हातांनी तो दोन बोटं उजवीकडे ओढला. पेरांनी दोनदा टकटक केलं.

"बेचाळीस, खेप," तो म्हणाला. हे कोणी त्याला म्हणायला सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

गठ्ठ्याखाली तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त चपला दिसत होत्या. त्या मागे सरकल्या. ती चढू लागली. पहिला मजला. दुसऱ्याच्या वळणावर कट्टा होता, ती टेकली नाही. तिसऱ्यावर गुडघ्यात कळ आली, तरी पाय थांबला नाही. वर एका पोरगेल्या हमालाने गठ्ठा उतरवून घेतला आणि सवयीने जिन्यात ओरडला, "उतरली."

ती खाली आली तेव्हा भिंतीशी उभे असलेले हमाल जमिनीकडे पाहत होते. त्यांनी पाहिलं होतं. ज्याच्या डोक्यावर कधी गठ्ठा बसला आहे त्याला कळलं होतं की अशी दोन बोटं अनोळखी डोक्यासाठी सरकत नाहीत. तीस माणसांसमोर दिराने साक्ष दिली होती. फक्त ती लिहून घेता येण्यासारखी नव्हती.

"त्यांनी गठ्ठा सरकवला, ते पाहिलंत?" तिने टेबलाला विचारलं.

"सरकवला म्हणजे?" मधला अधिकारी म्हणाला. "नीट ठेवला. त्यांचं कामच आहे ते."

"दुसऱ्या कोणाला ते असा ठेवत नाहीत. विचारा."

अधिकाऱ्याने दिराकडे पाहिलं. दीर म्हणाला, "वयस्कर बाई, म्हणून जपून ठेवला साहेब."

अधिकारी सांगत गेला आणि कारकून बाई लिहीत गेली. तिचं पेन मधे एकदा थांबलं, पण अधिकारी थांबला नाही, तसं तेही पुढे गेलं. अर्जदार महिला गठ्ठा वाहण्यास शरीराने सक्षम असल्याचे दिसून आले. मात्र सक्षम असणे म्हणजे काम केलेले असणे नव्हे. हात देणाऱ्या साक्षीदाराने अर्जदाराची ओळख पटवलेली नाही. अर्ज नामंजूर.

बाहेर पडताना ती दिराच्या शेजारून गेली. "दोन बोटं, भावजी," एवढंच म्हणाली.

"हाताची खोड, वहिनी," तो म्हणाला.

खोली रिकामी करायच्या दिवशी लेकीने टेम्पो पाठवते म्हटलं होतं. ती नको म्हणाली. खाट, फळी, स्टोव्ह तिने चाळीत वाटून टाकलं. जावेकडून निरोप आला, फळी राहू द्या, आम्हाला लागेलच. फळी तिने मुद्दाम उचकटून तोलाऱ्याच्या नातवाला दिली. मोरीची फरशी उखडता येण्यासारखी नव्हती. राहिली ट्रंक, आणि बसथांबा दोन गल्ल्या सोडून.

ट्रंक तिने ओढत दारापर्यंत आणली. डोक्यावर घेतली तर दहा मिनिटांचं काम. पण घेणार कशी? अंगणात कट्टा नव्हता आणि तो दुपारचा वेळ, चाळीतली माणसं वखारीत. ती दाराशी उभी राहिली. बावीस वर्षं डोंगराएवढं वाहिलेल्या बाईला आपलीच ट्रंक आपल्या डोक्यावर घेता येत नव्हती.

दीर आला. तो वखारीतून मुद्दाम आला असावा. त्याने ट्रंकेची एक कडी धरली. हाकलून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण दुसरा हात नव्हता. तिने चुंबळ ठेवली आणि दुसरी कडी धरली.

ट्रंक चढली. मधोमध. मग दोन बोटं उजवीकडे. पत्र्यावर टकटक जरा मोठी वाजली.

ती चालायला लागली नाही. लागेनाच. हाक झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही ही खोड पायांत मुरली होती. ट्रंकेच्या खालून तिला त्याच्या चपला दिसत होत्या. त्या चुळबुळत होत्या. पण बेचाळीस नंबर मेला होता, तसं त्यानेच लिहवून घेतलं होतं. आता कोणाच्या नावाने हाक देणार?

"जा, वहिनी," शेवटी तो म्हणाला.

वहिनी म्हणून त्याने तिला जिन्याखाली कधी हात दिला नव्हता. ती गेली.

बसमधून उतरताना कंडक्टरने ट्रंक तिच्या डोक्यावर चढवून दिली. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, वळणावर कट्टा नाही. ती न थांबता चढली. लेक कामावरून यायची होती. दार विहीणबाईंनी उघडलं. ट्रंक पाहून त्या दोन पावलं मागे सरल्या आणि हात द्यायच्या ऐवजी जिन्यातून खाली डोकावल्या.

"अजून किती खेपा आहेत सामानाच्या?"

"एवढीच," ती ट्रंकेखालून म्हणाली.

"बरं झालं. इथे जागा कुठे आहे? सध्या दाराआड ठेवा."

उतरवून घ्यायला कोणी नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसत गेली, ट्रंक डोक्यावरून मांडीवर आणि मांडीवरून जमिनीला टेकेपर्यंत.